मागच्या रांगेतून पाहिलेला वर्ग

शाळा तपासणाऱ्या अधिकाऱ्याविषयी आपल्या खेड्यापाड्यांतील शिक्षकांच्या मनात जो धाक आणि त्या धाकाइतकाच जो अविश्वास पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्याची मुळे कोणा एका कडक अंमलदाराच्या स्वभावात सापडत नाहीत. ती शिक्षणखात्याच्या जन्मकाळीच रुजलेली आहेत. १८५४ च्या वुडच्या खलित्याने इलाख्याइलाख्यांत शिक्षणखाती निर्माण केली आणि त्यांबरोबरच शाळा तपासणारा अंमलदारही निर्माण केला. सरकारी पैसा जेथे खर्च होतो तेथे तो योग्य कारणी लागतो की नाही, हे पाहणारा कोणी असावा, ही त्यामागची दृष्टी होती आणि ती आपल्या जागी वाजवीही होती. परंतु तिच्यामुळे तपासणीचे दप्तर आरंभापासून जमाखर्चाच्या वळणावर गेले. पट पाहावा, हजेरी पडताळावी, जडवस्तुसंग्रहाची नोंद तपासावी, इमारतीच्या डागडुजीविषयी दोन ओळी लिहाव्यात, आणि इतके सर्व उरकल्यावर दिवस शिल्लक असल्यास मुलांना चार पाढे विचारून शेरेबुकात ‘काम समाधानकारक’ असा शेरा मारावा, हा क्रम शंभर वर्षांहून अधिक काळ बहुतेक अबाधित राहिला. या क्रमात प्रत्यक्ष अध्यापनाला, म्हणजे ज्यासाठी शाळा उघडली त्या गोष्टीलाच, सर्वांत थोडा वेळ मिळत असे.

या उणिवेवर महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात स्पष्ट बोट ठेवले होते. डेप्युटी इन्स्पेक्टरने वर्षातून एकदा येऊन जाण्याने शाळेला सांगण्यासारखा लाभ होत नाही. तीन महिन्यांतून निदान एकदा तरी शाळा पाहिली जावी आणि मधूनमधून आगाऊ वर्दी न देताही जावे, असे त्यांचे मागणे होते. या दोन मागण्यांपैकी पहिलीशी मी संपूर्ण सहमत आहे, आणि आजही ती पुरती अमलात आलेली नाही, हे खेदाने नमूद करणे मला प्राप्त आहे. दुसरीविषयी माझे मत माझ्या नोकरीतील अनुभवाने थोडे निराळे बनले, ते पुढे यथाक्रम सांगेन.

मी शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून कोयनेच्या खोऱ्यातील शाळा पाहू लागलो तेव्हा त्या भागात घरटी एक तरी पुरुष मुंबईस माथाडीच्या कामावर असे. घर, शेत आणि मुले यांचा सारा भार आई-आजीच्या शिरावर असे. पावसाळ्यात ओढे भरले की डोंगरावरच्या वस्त्यांतील मुले चार-चार दिवस शाळेपर्यंत पोहोचू शकत नसत. बहुतेक शाळा द्विशिक्षकी. एका खोलीत पहिली आणि तिसरी, दुसरीत दुसरी आणि चौथी. अशा खोलीत साहेबांसाठी खुर्ची कोठे मांडायची हे परंपरेने ठरलेले असे: फळ्याच्या बाजूला, मुलांकडे तोंड करून. त्या खुर्चीवरून अधिकाऱ्याला मुलांचे चेहरे दिसतात, मुलांना अधिकारी दिसतो, आणि गुरुजी अर्धे लक्ष मुलांकडे व अर्धे अधिकाऱ्याच्या भिवयांकडे ठेवून शिकवतात. त्या खुर्चीवरून मुलांच्या पाट्या मात्र दिसत नाहीत. ही गोष्ट ध्यानी आल्यावर मी ती खुर्ची सोडली आणि पुढे कायम शेवटच्या बस्करपट्टीवर, मुलांच्या ओळीतच बसू लागलो. आरंभी गुरुजींना हे फार अवघड वाटे. ‘साहेब, खाली कशाला?’ असा आग्रह होई. दोन-तीन खेपांनंतर तो आग्रह ओसरे आणि मुलांनाही माझा विसर पडे, आणि तो विसर पडल्याखेरीज वर्ग खरा दिसू लागत नाही.

तेथून काय दिसते याचे एकच उदाहरण सविस्तर सांगतो, कारण पाठनिरीक्षणाविषयी मला जे म्हणायचे आहे ते जवळजवळ सारे त्यात आहे. तिसरीच्या वर्गावर हातच्याच्या वजाबाकीचा पाठ चालला होता. गुरुजी कष्टाळू होते; टाचण नेटके, उच्चार स्पष्ट, फळ्यावरील अक्षर मोत्याचे. त्यांनी बावन्नातून सत्तावीस वजा करून दाखवले: दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारच्या पाच दशकांतून एक दशक घेतला, बारा एकक झाले, बारातून सात गेले, पाच राहिले, दशक उरले चार, चारातून दोन गेले, दोन राहिले, उत्तर पंचवीस. ‘समजलं का?’ असे विचारताच वर्गाने एका सुरात ‘होऽ’ म्हटले. मग पाटीवर सोडवण्यासाठी त्यांनी चौसष्टातून अडतीस हे उदाहरण घातले. माझ्या शेजारी बसलेल्या मुलीने उदाहरण सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले, क्षणभर पेन्सिल ओठांशी धरली आणि खाली चौतीस लिहिले. इतक्यात पुढच्या ओळीतील एका चुणचुणीत मुलाने ‘सव्वीस’ असे मोठ्याने सांगितले. गुरुजींनी ‘शाब्बास’ म्हणून ते फळ्यावर मांडले आणि ‘ज्यांचं बरोबर आलं त्यांनी हात वर करा’ असे फर्मावले. त्या मुलीने तळहाताने चौतीस पुसले, त्या ओल्या जागी सव्वीस लिहिले, आणि इतरांबरोबर तिचाही हात वर गेला. गुरुजी ओळींतून फिरत आले आणि तिच्या पाटीवर त्यांनी बरोबरची खूण केली. फळ्याजवळच्या खुर्चीवर मी बसलो असतो, तर वर गेलेले सगळे हात पाहून ‘गणिताची तयारी उत्तम’ असा शेरा माझ्या हातून प्रामाणिकपणे लिहिला गेला असता.

मधल्या सुट्टीत आम्ही शाळेच्या ओट्यावर बसलो. मी गुरुजींना कोणताही उपदेश केला नाही. शेजारच्या पाटीवर आधी काय होते आणि मग काय झाले, एवढेच सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘साहेब, पण चौतीसच कसं आलं असेल?’ त्या प्रश्नात मला त्यांच्यातील शिक्षक दिसला. सुट्टी संपल्यावर त्यांनी त्या मुलीला जवळ बोलावून, आवाजात यत्किंचितही जरब न आणता, चौतीस कसे आणलेस असे विचारले. प्रथम ती घाबरली. पण गुरुजी रागावलेले नाहीत असे दिसताच हळू आवाजात म्हणाली, ‘आठातनं चार काढलं, चार ऱ्हायलं. सातनं तीन काढलं, तीन ऱ्हायलं.’ सहाला तिने आपल्या बोलीत ‘सा’ म्हटले होते. वर असो की खाली असो, मोठ्यातून लहान काढायचा असा एक स्वतःचा नियम तिने बसवला होता आणि तो ती दोन्ही घरांना निष्ठेने लावीत होती. गुरुजींनी कपाटावरून काड्यांचे गठ्ठे काढले, दहा-दहा काड्यांचे सहा गठ्ठे आणि चार सुट्या काड्या तिच्यापुढे ठेवल्या, आणि ‘यातल्या आठ सुट्या काड्या मला दे’ म्हणाले. तिने चार दिल्या. गठ्ठ्यांकडे पाहत राहिली. मग कोणी न सांगता तिने एका गठ्ठ्याचा दोरा सोडला.

ही चूक त्या एका मुलीची नव्हती. त्याच वर्गात आणखी किती पाट्यांवर चौतीस लिहून पुसले गेले असेल, ते सांगता येत नाही. माझ्या मते पाठनिरीक्षणाचे सारे प्रयोजन येथे आहे. जो मनुष्य शिकवतो आहे, त्याला त्या क्षणी आपला वर्ग पुरता दिसू शकत नाही. शब्द, फळा, वेळ, शेजारच्या पहिलीचा गलका, दारात आलेला पालक, या सर्वांचे अवधान ठेवता ठेवता मागच्या ओळीतील पाटी त्याच्या दृष्टीबाहेर जाते, आणि यात त्याचा दोष काडीमात्र नसतो. दुसऱ्या एका जाणत्या माणसाने त्या पाटीजवळ बसावे आणि तेथे जे दिसले ते त्याला जसेच्या तसे आणून द्यावे, ही निरीक्षकाची खरी चाकरी होय.

मुलांची तन्मयता ओळखण्याच्या ज्या ठोकळ खुणा आपल्याकडे रूढ आहेत, त्यांच्यावरचा माझा विश्वास मागच्या ओळीत बसूनच उडाला. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ म्हणताच जी शांतता पसरते तिला आपण शिस्त समजतो आणि शिस्तीला अभ्यास समजतो; तथापि त्या शांततेत शेजाऱ्याच्या पाटीकडे तिरक्या नजरेने पाहणारे, फळ्यावरील मजकूर अर्थाशिवाय उतरवून घेणारे आणि घंटेची वाट पाहणारे असे सर्वच समाविष्ट असतात. उलट, खिडकीबाहेर पाहणारा एखादा मुलगा मनात हिशेब करीत असतो, हेही मी त्याच्या हलणाऱ्या बोटांवरून अनेकदा ओळखले आहे. म्हणून मी पाहत असे ते असे: मूल पेन्सिल केव्हा उचलते, केव्हा थांबवते, पुसते ते स्वतःहून की फळा पाहून, शेजाऱ्याशी बोलते ते कशाविषयी, आणि विशेषेकरून, मूल स्वतः होऊन काही विचारते काय. पाणी प्यायला जाण्याची परवानगी सोडली तर संपूर्ण दिवसात एकाही मुलाने एकही प्रश्न विचारला नाही, असे दिवस मी चांगल्या नावाजलेल्या शाळांतूनही पाहिले आहेत.

प्रश्न शिक्षकाने कोणाला विचारले, याची नोंद ठेवण्याचा एक साधा उपाय मी अवलंबिला. कोऱ्या कागदावर मुलांच्या बैठकीप्रमाणे वर्तुळे काढावीत आणि ज्याला प्रश्न गेला त्याच्या वर्तुळात रेघ ओढावी. बाकी काही लिहू नये. ज्या गुरुजींचे नाव केंद्रातील प्रत्येक बैठकीत आदराने घेतले जाई, त्यांच्या वर्गाचा असा नकाशा मी एकदा केला, तेव्हा जवळजवळ सर्व रेघा पुढच्या दोन ओळींत आणि मधल्या पट्टीत दाटल्या होत्या. दाराजवळची वर्तुळे संपूर्ण कोरी होती. तेथे धनगरवाड्यावरची मुले बसत. लांबून येत, उशिरा पोहोचत, म्हणून दाराशी बसत, आणि दाराशी बसत म्हणून प्रश्न त्यांच्यापर्यंत जात नसे. गुरुजींनी तो कागद हातात घेऊन खूप वेळ पाहिला आणि ‘साहेब, हा मी ठेवून घेऊ का?’ असे विचारले. मी अर्थातच दिला. पुढच्या खेपेस गेलो तेव्हा बस्करपट्ट्या अर्धवर्तुळाकार मांडलेल्या होत्या आणि दाराजवळ अशी बाजूच उरली नव्हती. तसा हुकूम मी दिला नव्हता, आणि दिला असता तर तो माझी पाठ वळेपर्यंतच पाळला गेला असता, अशी माझी पक्की समजूत आहे.

प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक किती थांबतो, ही आणखी एक गोष्ट. अमेरिकेत मेरी बड रो या विदुषीने १९७० च्या सुमारास वर्गांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून मोजली, तेव्हा शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात आणि मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्याकडे वळतात, असे तिला आढळले. तो विराम तीन सेकंदांपर्यंत वाढवताच उत्तरे लांब आणि सकारण येऊ लागली व एरवी मुकी राहणारी मुले बोलू लागली. हे संशोधन माझ्या वाचनात येण्यापूर्वीच मी ते एका बाईंच्या वर्गात चालताना पाहिले होते. त्या प्रश्न विचारत, आणि मग डस्टर घेऊन फळ्याचा एक कोपरा सावकाश पुसू लागत. तो कोपरा बहुधा स्वच्छच असे. वर्गाकडे त्या वळत तेव्हा तीन-चार हात वर झालेले असत आणि त्यांतला एखादा हात नेहमी बोलणाऱ्या मुलाचा नसे. बाईंनी हे कोठून शिकले असे विचारता त्या म्हणाल्या, ‘माझ्या तोंडाकडं बघत बसली की पोरं घाबरतात हो. मी पाठ केली की विचार करतात.’ त्या बाईंच्या गोपनीय अहवालात यासाठी रकाना नव्हता.

बी. एड. च्या अभ्यासक्रमात फ्लँडर्स यांची जी आंतरक्रिया-विश्लेषणाची पद्धती शिकवली जाते, तीत दर तीन सेकंदांनी वर्गात काय चालले आहे ते दहा प्रकारांपैकी एका अंकाने नोंदवतात. सात प्रकार शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्याच्या आणि एक शांततेचा वा गोंधळाचा. शिक्षक किती बोलतो हे डोळ्यांपुढे आणण्यास ती उपयोगी आहे, आणि मी ती काही काळ वापरली. परंतु ती बोलण्याची मोजदाद करते. आमच्या बहुवर्ग शाळेत एका इयत्तेशी बोलणे चालू असता दुसरी इयत्ता मुकाट्याने पाटीवर काम करीत असते, आणि शिकणे किंवा न शिकणे तेथे घडत असते. त्याला त्या तक्त्यात एकच घर. म्हणून मी ती पुढे बाजूस ठेवली.

आता मूल्यमापनाकडे येतो. प्रतिवर्षी शिक्षकाचा गोपनीय अहवाल लिहिला जातो, आणि जो अधिकारी वर्गात बसून पाठ पाहतो त्याच्याच लेखणीचा त्या अहवालाशी संबंध येतो. या योगाने वर्गाचे जे होते ते फार अनर्थकारक आहे. पाहिलेल्या पाठाचा कागद आपल्या फायलीत जाणार, त्यावर बदली-बढतीची वेळ आल्यास बोट ठेवले जाणार, हे शिक्षकाला एकदा कळले की तो आदल्या आठवड्यात शिकवून झालेला पाठच साहेबांपुढे पुन्हा घेतो, उत्तर येणाऱ्यांनाच विचारतो आणि चुकणाऱ्या मुलाला त्या दिवसापुरते झाकून ठेवतो. म्हणजे ज्या मुलासाठी निरीक्षण करायचे ते मूलच निरीक्षकाला दिसेनासे होते. इंग्लंडात १८६२ च्या सुधारित नियमावलीने शाळेचे अनुदान मुलांच्या वाचन-लेखन-गणिताच्या तपासणीवर अवलंबून ठेवले, तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर घडले, आणि स्वतः शाळा-निरीक्षक असलेले कवी मॅथ्यू आर्नल्ड यांनी आपल्या अहवालांतून त्या यांत्रिकतेचा निषेध केला होता. आपल्याकडेही जे. पी. नाईक ज्याचे सदस्य-सचिव होते त्या कोठारी आयोगाने (१९६४-६६) प्रशासन आणि शैक्षणिक मार्गदर्शन ही कामे एकमेकांपासून अलग करावीत, असे सुचवले होते. सूचना कागदावर मान्य झाली. विस्तार अधिकाऱ्याच्या झोळीत मात्र पोषण आहाराच्या तांदळापासून जनगणनेपर्यंत सर्व काही येत राहिले, आणि मार्गदर्शन त्यांच्या तळाशी दडपले गेले.

शिक्षकाचे मूल्यमापन करूच नये, असे मी म्हणत नाही. जो शिक्षक शाळेत येत नाही, पटावर खोटी नावे ठेवतो, किंवा वर्गात बसून वेळ काढतो, त्याच्याकडे वर्दी न देता जावे, लेखी खुलासा मागवावा आणि खुलासा समाधानकारक नसल्यास कारवाई करावी. येथे जोतीरावांचे म्हणणे मला शिरोधार्य आहे. परंतु जो शिकवतो आहे आणि अधिक चांगले शिकवू इच्छितो, त्याच्या वर्गात शिकवणे पाहायला जाताना आधी कळवावे, कोणत्या मुलांकडे पाहू असे त्यालाच विचारावे, आणि पाहिलेले त्याच्याच हवाली करावे. दोन भेटी दोन निराळ्या हेतूंच्या आहेत. त्यांची दप्तरे निराळी असली पाहिजेत. शिवाय एका माणसाने एका दिवशी पाहिलेल्या एका पाठावरून शिक्षकाची पारख करणे हे न्यायालाही धरून नाही. अमेरिकेत २००९ नंतरच्या काही वर्षांत सुमारे ३००० शिक्षकांच्या वर्गांचे जे विस्तृत मापन झाले, त्याचाही निष्कर्ष एकाहून अधिक निरीक्षक आणि एकाहून अधिक पाठ असल्याशिवाय निर्णय भरवशाचा ठरत नाही, असाच होता. आपल्या बीटात हे करण्यास नवीन पदे लागत नाहीत. शेजारच्या शाळेतील शिक्षकाने शेजाऱ्याचा पाठ पाहावा आणि केंद्राच्या मासिक परिषदेत परिपत्रकांच्या वाचनाऐवजी त्यावर बोलावे, एवढे पुरते.

निरीक्षण कोठवर नेता येते, याचा वस्तुपाठ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी घालून दिला आहे. १९४५ साली बोर्डीस सुरू झालेले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलेले त्यांचे काम पाहिले की कळते, की आदिवासी मुले शाळेत का येत नाहीत हे त्यांनी हजेरीपटावरून ठरवले नाही. मुले दिवसभर कोठे असतात ते पाहिले. ती गुरांमागे कुरणात होती, म्हणून शाळा कुरणात गेली आणि कुरणशाळा जन्मास आली. हजेरीपटावरच्या कोऱ्या चौकटीचे कारण शोधीत जो गुरांच्या वाटेपर्यंत जातो, त्याला मी निरीक्षक म्हणतो.

आज निरीक्षणाचे नमुने मोबाईलवर भरले जातात, ‘होय’ किंवा ‘नाही’ यांवर बोट ठेवले की काम झाले, आणि भरलेला नमुना त्याच घटकेला वरच्या कचेरीत पोहोचतो. ज्याच्या वर्गाविषयी तो भरला त्या शिक्षकाकडे मात्र त्याची प्रत क्वचितच राहते. जे केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी आज या कामावर आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: महिन्यातून निदान एक पाठ दप्तर बंद ठेवून, मुलांच्या ओळीत बसून, एकाच मुलाच्या पाटीकडे किंवा वहीकडे पाहत संपूर्ण पाहा, आणि जे दिसले ते लिहून कागद शिक्षकाच्या हाती देऊन या. आणि शासनाकडे मागणी एवढीच, की पाठनिरीक्षणाची कोणतीही नोंद गोपनीय अहवालास जोडली जाणार नाही, असा निःसंदिग्ध लेखी आदेश निघावा. त्यासाठी एका पैशाचीही तरतूद लागत नाही.